जुन्या शेव्हेलला चौथा गिअर

१९७० सालची शेव्हरोले शेव्हेल घेऊ. ३५० घनइंची व्ही-८ इंजिन, त्यामागे टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आणि सिग्नलवरून गाडी उसळून निघावी म्हणून आधीच्या कुणा मालकाने डिफरन्शियलमध्ये घातलेले ३.७३ चे क्राउन-पिनियन. शहरात ही गाडी मजा देते. महामार्गावर ताशी ७० मैलांना, म्हणजे ११३ किलोमीटरला, तीच गाडी डोके उठवते. कारण साध्या गणितात आहे. २६ इंची टायरचा परीघ २.०७ मीटर, म्हणजे या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ९०५ फेरे घेते. टॉप गिअर १:१ चा असल्याने इंजिनाला त्याच्या ३.७३ पट, म्हणजे ३,३७५ फेरे घ्यावे लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमधल्या घसरणीचे शे-दीडशे वेगळेच. तासाभराच्या प्रवासात इंजिन दोन लाखांहून अधिक वेळा फिरते, आणि त्यातला प्रत्येक फेरा कानाला कळतो.

ही गाडी बनवणाऱ्यांना हे समजत नव्हते असे नाही. पेट्रोल स्वस्त होते, इंजिने मोठी होती आणि तीन गिअर पुरत होते. १९७३ च्या तेलसंकटाने हिशेब बदलला. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा आली, राष्ट्रीय वेगमर्यादेची ही व्यवस्था १९९५ मध्ये रद्द झाली. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांच्या मोटारींना सरासरी इंधन-किफायतीची अट घातली: १९७८ च्या मॉडेलांसाठी गॅलनला १८ मैल, १९८५ पर्यंत २७.५. या दडपणाखाली डेट्रॉईटने ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये शाफ्टला इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारे, स्वयंचलित गिअरबॉक्स काढले. फोर्डचा एओडी १९८० मध्ये, जनरल मोटर्सचा २००-४आर १९८१ मध्ये आणि ७००आर४ १९८२ मध्ये. नवी इंजिने घडवायला वेळ नव्हता, त्यामुळे हे गिअरबॉक्स जुन्याच इंजिनांना जोडता येतील असे बनवले गेले. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ ची मागची बोल्टरचना १९५५ पासून तीच होती. १९८७ च्या कॅमेरोमधून उतरवलेला गिअरबॉक्स १९७० च्या शेव्हेलच्या इंजिनाला बसतो तो या घाईमुळे. हौशी लोकांच्या सोयीचा विचार तेव्हा कुणीही केला नव्हता.

सुरुवात आणि चाल यांची फारकत

ओव्हरड्राइव्हबद्दल बोलताना बहुतेक जण चौथ्या गिअरचा आकडा सांगतात, ०.७० किंवा ०.६७. माझ्या मते या बदलाचे खरे मर्म पहिल्या गिअरमध्ये आहे.

तीन गिअरच्या गाडीत डिफरन्शियलचे गुणोत्तर एकटेच दोन कामे करते. सुटताना लागणारी ओढ तेच ठरवते आणि महामार्गावरचे इंजिनाचे फेरेही तेच ठरवते. एक सुधारले की दुसरे बिघडते. टर्बो ३५० चा पहिला गिअर २.५२ चा आहे. त्याला ३.७३ ने गुणले की सुटतानाचे एकूण गुणोत्तर ९.४० येते, आणि त्याची किंमत महामार्गावर ३,३७५ फेऱ्यांनी मोजावी लागते. आता ७००आर४ घ्या. त्याचा पहिला गिअर ३.०६ चा. मागे ३.७३ च्या जागी ३.०८ चे सौम्य क्राउन-पिनियन घाला. गुणाकार ९.४२ येतो. सुटण्याचा जोर जवळपास तोच राहिला आणि ताशी ७० मैलांना चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे १,९५० वर आले. डिफरन्शियल ३.७३ चेच ठेवले तर हाच आकडा २,३६३ येतो आणि सुटताना गुणोत्तर ११.४१ होते. साध्या टायरांना तेवढे झेपत नाही, धूर मात्र भरपूर निघतो.

म्हणून गिअरबॉक्स विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. टायरचा व्यास, डिफरन्शियलचे गुणोत्तर आणि इंजिन कुठल्या फेऱ्यांना मोकळा श्वास घेते, हे तीन आकडे आधी ठरले पाहिजेत. तिसरा आकडा लोक विसरतात. इंजिनात शर्यतीची, जास्त ओव्हरलॅपची कॅमशाफ्ट असेल तर १,९०० फेऱ्यांना ते अडखळत चालते, व्हॅक्यूम हलतो, गाडी सौम्य धक्के देत राहते. अशा इंजिनाला ०.७० चा गिअर ३.७३ सोबतच शोभतो.

आता यंत्राच्या आत. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये दंतचक्रांची ग्रहमाला असते: मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती कॅरिअरवर बसवलेली ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे आतल्या दातांचे कडे. या तिघांपैकी कोणाला अडवायचे, कोणाला फिरवायचे आणि कोणाकडून काम घ्यायचे यावर गुणोत्तर ठरते. कोणतेही दोन भाग एकमेकांना बांधले की सगळी माळ एकसंध फिरते आणि १:१ मिळतो. सूर्यचक्र पट्ट्याने घट्ट धरून कॅरिअर फिरवला तर बाहेरचे कडे कॅरिअरपेक्षा वेगाने फिरते. सूर्यचक्राचे दात कड्याच्या दातांच्या साधारण ०.४३ पट असतील, तर कॅरिअरच्या ०.७ फेऱ्यात कड्याचा एक पूर्ण फेरा होतो. ओव्हरड्राइव्ह म्हणतात तो हाच. ७००आर४ मध्ये तिसऱ्या गिअरला लागलेला ३-४ क्लच चौथ्यालाही लागलेलाच राहतो, शिवाय २-४ बँड आवळला जातो. दुसऱ्या गिअरलाही हाच बँड काम करतो. एका क्लचवर दोन गिअरांचे ओझे आहे हे ध्यानात ठेवा, कारण या गिअरबॉक्समध्ये जळतो तो बहुतेक वेळा हाच ३-४ क्लच.

कोणता घ्यावा

७००आर४ सर्वांत जास्त सापडतो, त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. १९८२ ते १९८४ चे नमुने टाळावेत. त्यांचा इनपुट शाफ्ट २७ खाचांचा, तुलनेने कमकुवत आहे. त्यानंतर तो ३० खाचांचा झाला आणि १९८७ पासून आतल्या सुधारणाही बऱ्याच जमल्या. त्याचा दोष गिअरांच्या अंतरात आहे. पहिला ३.०६, दुसरा १.६३. इंजिन ५,००० फेऱ्यांवर असताना गिअर बदलला तर ते एकदम २,६६० च्या आसपास खाली येते. टर्बो ३५० मध्ये तेच ३,०१५ वर थांबते. ज्याचे इंजिन वरच्या फेऱ्यांतच जोर करते त्याला ही दरी बोचते.

२००-४आर ची गुणोत्तरे मला जास्त सुसंगत वाटतात: २.७४, १.५७, १.००, ०.६७. याच पहिल्या-दुसऱ्याच्या बदलात तो ५,००० वरून २,८६५ वर येतो. शिवाय बऱ्याच २००-४आर च्या कवचावर शेव्हरोले आणि ब्यूक-ओल्ड्समोबील-पॉन्टियाक अशा दोन्ही बोल्टरचना असल्याने तो दोन्ही घराण्यांत बसतो. कारखान्यातून निघालेला साधा नमुना नाजूक होता. पण १९८० च्या दशकातल्या ब्यूक ग्रँड नॅशनलच्या टर्बो व्ही-६ मागे हाच गिअरबॉक्स होता, यावरून नीट बांधला तर तो काय पेलतो याचा अंदाज येतो.

मोठ्या इंजिनाला ४एल८०ई हवा. हा तीन गिअरच्या टर्बो ४०० चाच वंशज, ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह जोडलेला. जड आहे, शेव्हेलच्या टनेलला हातोड्याशिवाय जागा देत नाही, आणि त्याचे सगळे शिफ्ट इलेक्ट्रॉनिक असल्याने कार्बोरेटरवाल्या गाडीत वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर लावावा लागतो. कंट्रोलर आणि सेन्सरची ही अट १९९० च्या दशकातल्या ४एल६०ई लाही लागू. संगणकाची भीती वाटते म्हणून लोक हे टाळतात. माझे मत उलटे आहे, पण ते केबलच्या ओघात सांगतो.

फोर्डवाल्यांचा एओडी वेगळ्याच डोक्याने बनवला आहे. त्यात दोन इनपुट शाफ्ट आहेत, एकात एक. तिसऱ्या गिअरमध्ये टॉर्कचा सुमारे ६० टक्के भाग आतल्या शाफ्टने थेट, कन्व्हर्टरच्या तेलाला बगल देऊन जातो; चौथ्यामध्ये सगळाच. त्यामुळे लॉक-अपची, म्हणजे कन्व्हर्टरची घसरण थांबवणाऱ्या क्लचची, वेगळी सोय करावी लागत नाही. १९६० च्या दशकातल्या मस्टँगमध्ये सी४ गिअरबॉक्सच्या जागी तो बसवतात. पहिला गिअर २.४० चा असल्याने सुटतानाचा वरचा फायदा मात्र तिथे मिळत नाही.

बसवणे

जागा करण्याचे काम बाहेरून भयंकर दिसते, प्रत्यक्षात ते या सगळ्यातले सोपे काम. आखूड शेपटीच्या टर्बो ३५० पेक्षा ७००आर४ सुमारे तीन इंच लांब आहे, म्हणून प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. त्याचा मागचा माउंट सुमारे दोन इंच मागे जातो, क्रॉसमेंबर सरकवावा लागतो. २००-४आर ची लांबी टर्बो ३५० इतकीच, शाफ्ट तोच चालतो, पण माउंट साधारण साडेसहा इंच मागे, जवळपास टर्बो ४०० च्या जागी येतो. योकच्या २७ खाचा तिन्हींत सारख्या. क्रॉसमेंबर हलवल्यावर इंजिनाचा कल बदलतो, म्हणून पुढच्या आणि मागच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन कोनमापीने मोजून एकमेकांशी जुळते, साधारण एक ते तीन अंशांत ठेवावेत. हे न करणारे लोक नंतर महिनोन् महिने थरथरीचे कारण टायरांत शोधतात.

शाफ्टबद्दल एक गैरसमज आहे. ओव्हरड्राइव्हमुळे शाफ्टलाही विश्रांती मिळते असे मानले जाते. तसे होत नाही. शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे आहे. त्याचे फेरे फक्त टायर आणि डिफरन्शियल ठरवतात. डिफरन्शियल ३.७३ चेच ठेवले तर आमच्या शेव्हेलचा शाफ्ट ७० मैलांना आधीही ३,३७५ फेरे घेत होता आणि आताही तेवढेच घेतो, इंजिन तेवढे खाली आले. उलट, आता ओव्हरड्राइव्ह आहे म्हणून हाव धरून ४.१० चे क्राउन-पिनियन घातले तर शाफ्ट ३,७०० च्या पुढे जातो, आणि लांब शाफ्टला आपल्या क्रांतिक वेगाचे भान ठेवावे लागते.

स्टिअरिंग कॉलमवरचा लिव्हर तीन गिअरच्या खाचांचा असतो. त्याच्या जोडणीत सुधारणा केली नाही तर काटा ‘डी’ वर दिसतो आणि गिअरबॉक्स दोन खाचांच्या मध्ये लोंबकळतो, तोही क्लच जाळण्याचा एक मार्ग. गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू होते का, हे हँडब्रेक ओढून तपासावे. स्पीडोमीटरचा छोटा गिअर डिफरन्शियल व टायरप्रमाणे बदलावा.

टनेल कापायची वेळ आली तर मी सावध राहीन. बोल्टने बसलेले बोल्टने उतरते. कापलेला पत्रा परत येत नाही, आणि मूळ अवस्थेतल्या गाडीची किंमत त्यासोबत जाते. भारतात हा प्रश्न कायद्यालाही भिडतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. त्या यादीत गिअरबॉक्सचे नाव नाही, टनेल मात्र बॉडी शेलचाच भाग आहे. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्या जुळवत होती. त्यांतली एखादी कुणाकडे असेल तर तिला हात लावण्याआधी हा नियम दोनदा वाचावा.

केबल

इतका लोखंडी पसारा सांभाळून झाल्यावर बहुसंख्य बदल ज्या भागापाशी फसतात तो दोन-अडीच फुटांची एक पातळ तार आहे.

टर्बो ३५० इंजिनावरचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरने ओळखतो. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी झाला की तेलाचा दाब वाढतो आणि क्लच घट्ट आवळले जातात. त्याला जोडलेली केबल फक्त किकडाउनसाठी, म्हणजे ॲक्सलेटर पूर्ण दाबला की गिअर खाली आणण्यासाठी. ती सैल राहिली तरी फारसे बिघडत नाही. ७००आर४ आणि २००-४आर मध्ये मॉड्युलेटरच नाही. भार ओळखण्याचे एकमेव साधन म्हणजे कार्बोरेटरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्समधल्या थ्रॉटल व्हॉल्व्हपर्यंत जाणारी टीव्ही केबल. गिअर केव्हा बदलायचा हे तीच सांगते, आणि बदलल्यावर क्लच किती दाबाने धरायचे हेही तीच. जुना मिस्त्री तिला किकडाउनची केबल समजून अंदाजाने लावतो, आणि गिअरबॉक्स काही मैलांत जळतो.

यातला खोडसाळपणा असा की चुकीची केबल आधी सुखद वाटते. गिअर लवकर आणि लोण्यासारखे मऊ बदलतात, मालक खूश होतो. मऊपणाचे कारण कमी दाब असतो. क्लच हळूहळू घसरत पकडतो आणि घसरताना त्याचे अस्तर जळते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे क्षणभर वर उसळले तर समजावे की ३-४ क्लचची राख होते आहे.

केबल ताणण्याची रीत कठीण नाही. ॲडजस्टरवरची कळ दाबून सरक पूर्ण मागे घ्यायची, मग इंजिन बंद असताना थ्रॉटल हाताने पूर्ण उघडायचा. सरक टिकटिक करत आपली जागा घेते. पूर्ण थ्रॉटलला केबलही पूर्ण ओढलेली असली पाहिजे. खरी अडचण मधल्या टप्प्यांत येते. कारखान्यातल्या क्वाड्राजेट कार्बोरेटरचा लिव्हर गिअरबॉक्सच्या अपेक्षेप्रमाणे वळतो. हॉली किंवा एडलब्रॉक बसवला की लिव्हरची त्रिज्या आणि कोन बदलतात. दोन्ही टोके जुळली तरी अर्ध्या थ्रॉटलला केबल कमी ओढली जाते, आणि आपण दिवसभर गाडी चालवतो ती त्याच पट्ट्यात. म्हणून त्या कार्बोरेटरांसाठी लिव्हरवर लावायची सुधारक पट्टी मिळते. तिच्यावर वाचवलेले पैसे पुढे गिअरबॉक्स उघडताना कितीतरी पटींनी जातात. केबल लावल्यावर गिअरबॉक्सच्या प्रेशर पोर्टला गेज जोडून थ्रॉटलबरोबर दाब ताबडतोब चढतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे, त्यानंतरच रस्त्यावर जावे.

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सकडे माझा कल आहे तो इथेच. ४एल६०ई मध्ये ही तार नाही. सेन्सर थ्रॉटलची स्थिती कळवतो, कंट्रोलर दाब ठरवतो, आणि चूक झाली तर लॅपटॉपवर आकडा बदलता येतो. जुन्या इंजिनाच्या खोलीत संगणक नको म्हणणाऱ्यांची भावना मी समजू शकतो, पण जळालेल्या क्लचला भावना नसतात.

लॉक-अप आणि उष्णता

चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर नुसत्या तेलावर चालत ठेवला तर तो घसरत राहतो आणि ती घसरण उष्णता होऊन तेलात उतरते. त्यासाठी या गिअरबॉक्समध्ये लॉक-अप क्लच आहे, त्याचा सोलेनॉइड मूळ गाडीत संगणक चालवायचा. जुन्या गाडीत ते काम साध्या वायरिंगने होते: इग्निशनवरून १२ व्होल्ट, चौथ्या गिअरचा दाब आल्यावरच सर्किट पुरे करणारा प्रेशर स्विच, जोराने ॲक्सलेटर दाबताच तोडणारा व्हॅक्यूम स्विच, आणि ब्रेक दाबला की तोडणारा ब्रेक-स्विच. शेवटच्या स्विचमध्ये गफलत होते. ब्रेक-लाइटचा स्विच दाबल्यावर जोडतो, इथे दाबल्यावर तोडणारा हवा. क्रूझ कंट्रोलवाल्या गाडीचा स्विच तसा असतो. तो नसेल तर थांबताना लॉक-अप सुटत नाही आणि इंजिन धक्का देऊन बंद पडते.

तेलाचा वेगळा कूलर लावावाच. जुन्या कूलरच्या नळ्या आधी धुवाव्यात, नाहीतर मेलेल्या गिअरबॉक्सचा भुगा नव्यात जातो.

हिशेब

इंधन वाचते. कमी फेऱ्यांना इंजिनातले घर्षण कमी, आणि तेवढीच शक्ती काढायला थ्रॉटल जास्त उघडा ठेवावा लागत असल्याने हवा ओढण्याचे वाया जाणारे कामही कमी. पण त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स जोडलेला असला पाहिजे. हलक्या भाराचे विरळ मिश्रण सावकाश जळते, त्याला ठिणगी लवकर हवी असते. शर्यतीच्या नादाने तो काढून टाकलेला असेल तर आधी तो परत लावा.

पैशांचे गणित मात्र जुळत नाही. समजा गाडी लिटरला सहा किलोमीटरवरून सातवर आली आणि वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरली. ८३३ लिटरच्या जागी ७१४ लागतील. वाचले ११९ लिटर. नव्याने बांधलेला गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, शाफ्ट, कूलर आणि केबल यांची किंमत एवढ्या पेट्रोलमधून भरून निघायला बरीच वर्षे जातील. इंधनासाठी हा बदल करणारा निराश होतो. लांबच्या प्रवासाला गाडी बाहेर काढावीशी वाटावी, शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागू नये, तासाला साठ हजार फेरे कमी होऊन इंजिन जास्त टिकावे, यासाठी ज्याने केला त्याला पश्चात्ताप होताना सहसा दिसत नाही.

काही गाड्यांना याची गरजच नसते. १९७० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या लांबलचक सेडानांत २.५६ किंवा २.७३ चे डिफरन्शियल असे, आणि इंजिन साडेचारशे घनइंचांच्या घरातले. २८ इंची टायरवर २.५६ ने ताशी ७० मैलांना फेरे २,१५० येतात. तिथे ०.७० लावला की इंजिन १,५०० वर येते, जरासा चढ लागला की गिअरबॉक्स चौथा सोडून तिसरा पकडतो, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा, आणि प्रत्येक अदलाबदलीत लॉक-अप सुटून तेल तापते. अशा मालकाने टर्बो ४०० आहे तिथेच राहू द्यावा आणि पैसे ब्रेक व रेडिएटरवर घालावेत.